सेटिंग ‘रिस्टोअर’ करणं : पूर्ववत की मूळपदावर?

प्रश्न असा आलाय की एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या मुलांसाठी आर आणि सॅस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरवर मराठीत टिपणं लिहिताना “प्रोग्रामच्या सुरुवातीला सिस्टिमच्या सेटिंग्ज सेव्ह करा आणि शेवटी रिस्टोअर करा” हे वाक्य कसं लिहायचं. पुनर्स्थापित, पुनर्संचयित, पूर्ववत यातलं काय घ्यायचं, आणि रिसेटला वेगळा शब्द हवा का?

हवाच. रिस्टोअरला (आधी जे होतं त्यावर परत नेणं) ‘पूर्ववत करणे’ आणि रिसेटला (सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या मूळ किमतीवर नेणं) ‘मूळपदावर आणणे’ असं मी सुचवेन, आणि हे दोन एकमेकांच्या जागी चुकूनही वापरू नका, कारण इथे शब्द चुकला की मुलं कोडही चुकीचाच लिहिणार.

कसं ते बघा. आरमध्ये आकडे किती सार्थ अंकांपर्यंत छापायचे हे डिजिट्स नावाच्या ऑप्शनवर ठरतं, आणि काही बदललं नसेल तर ते ७ असतं. आता समजा एखाद्या मुलीने रिपोर्ट सुटसुटीत दिसावा म्हणून ते आधीच ४ करून ठेवलंय, आणि तिने तुमचं एक फंक्शन चालवलं ज्याला आतल्या कामासाठी १० लागतात. तुम्ही फंक्शनच्या सुरुवातीला १० केलं आणि शेवटी आठवणीने ७ केलं. तुमच्या मते सेटिंग जागेवर गेलं, पण तिच्याकडे ७ नव्हतंच, ४ होतं, त्यामुळे तिचे पुढचे सगळे तक्ते वेगळे दिसायला लागतात आणि का ते तिला कळत नाही. म्हणजे सेटिंग मूळपदावर आलं पण पूर्ववत झालं नाही.

बरोबर रीत अशी की आरमध्ये सेटिंग बदलायच्या ऑप्शन्स या फंक्शनला नवीन किंमत दिली की ते जुनी किंमत गुपचूप परत देतं, स्क्रीनवर दिसत नाही पण व्हेरिएबलमध्ये धरता येते. ती धरून ठेवायची (बहुतेक लोक त्या व्हेरिएबलला ओपी म्हणतात) आणि काम झालं की तीच ऑप्शन्सला परत द्यायची. आधी ४ होतं की ७ होतं हे तुम्हाला माहीत असायची गरजच नाही. आणि हे परत देणं फंक्शनच्या शेवटच्या ओळीत न लिहिता ऑन-एक्झिटमध्ये, म्हणजे फंक्शनमधून बाहेर पडताना आपोआप चालणाऱ्या भागात टाकायचं, कारण मध्येच एरर आली तर शेवटच्या ओळीपर्यंत गाडी पोचतच नाही, ऑन-एक्झिटमधलं मात्र तरीही चालतं. मुलांना ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगावी असं मला फार मनापासून वाटतं.

आता गोंधळ येतो कुठून, तर मूळ इंग्रजीतूनच. आरच्या मदतपानावर आलेखाच्या सेटिंग्जच्या म्हणजे पारच्या उदाहरणात, आधीच्या सेटिंग्जवर परत जायच्या ओळीशेजारी चक्क ‘रिसेट’ असं लिहिलंय. पुढे ‘आधीच्या सेटिंग्जवर’ असं जोडलंय म्हणून तिथे चालून जातं, पण आपण त्यातला नुसता रिसेट उचलला तर वाचणाऱ्याला मोबाइलचं फॅक्टरी रिसेट आठवतं, जिथे तुमचं काहीच उरत नाही.

पुनर्स्थापित मला इथे जड वाटतो, मूर्तीची किंवा पुतळ्याची पुनर्स्थापना होते, डिजिट्सची कसली पुनर्स्थापना. पुनर्संचयित मोबाइलच्या मराठीत दिसतो खरा, पण संचय म्हणजे साठा, साठवून ठेवलेली गोष्ट परत जागेवर लावणं हा अर्थ त्यातून निघतच नाही, उलट पुन्हा साठवलं असं वाटतं. पूर्ववत मात्र आपण रोज ऐकतो. मेगाब्लॉक संपला की लोकल वाहतूक पूर्ववत होते, वादळानंतर वीजपुरवठा पूर्ववत होतो, म्हणजे मध्ये काहीतरी बदललं होतं आणि आता आधी जसं होतं तसं झालं, नेमकं हेच आपल्याला सांगायचंय. लिहिताना त हलन्त करायची गरज नाही, मूळ संस्कृत पूर्ववत् असला तरी मराठीत क्वचित, अर्थात, अकस्मात सारखा पूर्ववतही अकारान्तच लिहितात.

यावर कोणी म्हणेल की मोबाइलवर ‘पूर्ववत करा’ हे अनडूला वापरतात. वापरतात, आणि त्याने फारसं बिघडत नाही, कारण अनडू म्हणजेसुद्धा आधीच्या स्थितीत जाणंच, फक्त ते शेवटची कृती मागे घेऊन. टिपणात “आधीच्या किमती परत लावून सेटिंग्ज पूर्ववत करा” असं पूर्ण वाक्य लिहिलंत तर कोणाचीच गल्लत होणार नाही. ‘जैसे थे’ मात्र घेऊ नका. कोर्ट परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगतं तेव्हा आता जे आहे त्याला हात लावू नका असा अर्थ असतो, आपण तर हात लावून मग परत ठेवतोय.

राहिलं सेव्ह. बोलताना सेव्हच म्हणतात आणि टिपणातही ते खुशाल ठेवा. मराठीच हवं असेल तर जतन सरसकट वापरू नका, जतन म्हटलं की किल्ल्यांचं जतन, पोथ्यांचं जतन, म्हणजे दीर्घकाळ जपणं डोळ्यासमोर येतं. एसपीएसएस या आणखी एका सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये प्रिझर्व्ह कमांड दिली की त्या क्षणीच्या सेट कमांडच्या (म्हणजे सेटिंग्जच्या) किमती बाजूला काढून ठेवल्या जातात आणि रिस्टोअर दिलं की परत येतात, अशा जोड्या एकात एक पाच पातळ्यांपर्यंत घालता येतात, पण हे सगळं त्या चालू कामापुरतंच. तिथे ‘बाजूला काढून ठेवणे’ चपखल बसतं. सॅसमध्ये ऑप्शन्स साठवणारं प्रॉक ऑप्टसेव्ह वापरलं तर ऑप्शन्स डेटासेटमध्ये किंवा रजिस्ट्रीत लिहिले जातात, कायमच्या लायब्ररीत ठेवलेत तर उद्या नवीन सेशन उघडूनही प्रॉक ऑप्टलोडने परत लावता येतात, म्हणून तिथे साठवणे किंवा जतन करणे दोन्ही चालेल.

पण सॅसच्या बाबतीत ‘सगळं पूर्ववत होतं’ असं लिहू नका हां. मेमसाइझसारखे (सॅसला किती मेमरी वापरता येईल ते ठरवणारा) जे ऑप्शन्स फक्त सॅस सुरू करतानाच देता येतात ते ऑप्टसेव्ह साठवत नाही, आणि तुम्ही मध्येच टायटल (आउटपुटवरचं शीर्षक) बदललं असेल तर तेही ऑप्टलोडने मागे जात नाही, कारण टायटल हा मुळात सिस्टिम ऑप्शनच नाही. “साठवलेले ऑप्शन्स पूर्ववत होतात” एवढंच लिहा.

आणि मुलं पुढे स्टाटा या सॉफ्टवेअरकडे जाणार असतील तर एक ओळ त्याचीही घाला. स्टाटातही प्रिझर्व्ह आणि रिस्टोअर आहे, शब्द तेच, पण तिथे ते डेटाला लागू होतं, सेटिंग्जला नाही. कोलॅप्ससारखी (डेटाचा सरासरी वगैरे सारांश करणारी) कमांड डेटाच बदलून टाकते म्हणून आधी प्रिझर्व्ह करायचं, आणि रिस्टोअर लिहायचं राहिलं तरी प्रोग्राम किंवा डू-फाइल (स्टाटाच्या कमांड्सची फाइल) संपली की डेटा आपोआप परत येतो. सेटिंगची जुनी किंमत मात्र तिथे c( ) असं लिहून वाचावी लागते, लोकल मॅक्रोत (तात्पुरत्या नावाखाली) ठेवावी लागते आणि मग सेट कमांडने हाताने परत लावावी लागते. एसपीएसएसवरून आलेला माणूस इथे हमखास फसतो, तेव्हा मराठीत “डेटा पूर्ववत करणे” आणि “सेटिंग्ज पूर्ववत करणे” असं काय पूर्ववत करायचं ते दर वेळी लिहाच, नुसतं “पूर्ववत करा” लिहून सोडू नका.