अमेरिकेतले गर्भपाताचे खटले: 2022 नंतर भांडण गेलं कुठे?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: 2022 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा विषय राज्यांवर सोपवला, मग खटल्यांच्या बातम्या अजून कशाच्या येतात? आणि जॉर्जियातला कायदा एका सोमवारी रद्द होऊन पुढच्या सोमवारी परत लागू कसा झाला? त्यांची भाची अटलांटाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी वकील नाही. टेक्सासमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम करते, आणि या विषयावरची निकालपत्रं वाचायची खोड लागली आहे.

आधी आपल्याकडचं चित्र बाजूला ठेवा. भारतात 1971 चा एकच कायदा, 2021 ला त्यात दुरुस्ती झाली, काही गटांतल्या स्त्रियांना 24 आठवड्यांपर्यंत मुभा. त्यापुढे गेलं की बहुतेकदा ती स्त्री स्वतः हायकोर्टात जाते, कोर्ट मेडिकल बोर्डाचा अहवाल मागवतं आणि लवकरच काय ते सांगतं. अमेरिकेत फौजदारी कायदा राज्यागणिक वेगळा. तिथे कोर्टात जातात ती मुख्यतः क्लिनिक्स आणि डॉक्टर, आणि मागणी असते ती कायदाच रद्द करण्याची. एकट्या गरोदर बाईने स्वतःपुरती परवानगी मागणं अगदी विरळा. असं एक प्रकरण झालं, त्यावर पुढे येते.

1973 च्या रो विरुद्ध वेड निकालाने गर्भपाताचा हक्क देशाच्या घटनेत आहे असं मानलं. 1992 च्या केसी निकालाने तो हक्क ठेवला, पण राज्यांना बरीच मोकळीक दिली: 24 तास थांबायला लावा, अल्पवयीन मुलीसाठी पालकांची संमती मागा, फक्त ‘अवाजवी ओझं’ टाकू नका. मग तीस वर्षं प्रत्येक खटला अवाजवी म्हणजे किती यावरच. 24 जून 2022 ला 15 आठवड्यांनंतर गर्भपात बंद करणाऱ्या मिसिसिपीच्या कायद्यावरून आलेल्या डॉब्ज खटल्यात हे सगळं मोडीत निघालं.

पण कोर्ट म्हणालं ते इतकंच, की देशाच्या घटनेत हा हक्क नाही. राज्यांना स्वतःच्या घटना आहेत, आणि त्यांत देशाच्या घटनेत नसलेली वाक्यं आहेत. साउथ कॅरोलिनाच्या घटनेत खासगीपणावरच्या अवाजवी अतिक्रमणापासून संरक्षण स्पष्ट शब्दांत लिहिलंय. कॅन्ससच्या हक्कांच्या सनदेत पहिल्याच कलमात नैसर्गिक हक्कांची भाषा आहे. वायोमिंगची गंमत तर औरच. ओबामांच्या आरोग्य विम्याच्या कायद्यावर चिडून तिथल्या मतदारांनी 2012 मध्ये घटनेत घातलं, की प्रत्येक सज्ञान माणसाला स्वतःच्या आरोग्याचे निर्णय घेण्याचा हक्क आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या एका न्यायाधीशांनी राज्याची गर्भपातबंदी याच वाक्यावर बोट ठेवून रद्द केली. ज्यांनी ते वाक्य लिहून घेतलं त्यांच्या ध्यानीमनीही हे नसणार.

तरी नुसत्या वाक्यावर भागत नाही. ते वाचणारा न्यायाधीश त्या खुर्चीवर कसा आला, यावर माझ्या मते निम्मा निकाल ठरतो. साउथ कॅरोलिनाचंच बघा. 5 जानेवारी 2023 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने साधारण सहा आठवड्यांनंतर गर्भपात बंद करणारा कायदा 3 विरुद्ध 2 मतांनी रद्द केला. मुख्य निकालपत्र लिहिलं के हर्न यांनी, पाच जणांतल्या त्या एकट्या महिला. त्यानंतर वयोमर्यादेमुळे त्या निवृत्त झाल्या. त्या राज्यात न्यायाधीश निवडतं विधिमंडळ, म्हणजे ज्यांचा कायदा रद्द झाला तेच लोक. रिकाम्या जागी पुरुष आला. मे महिन्यात विधिमंडळाने थोडे फेरफार करून जवळपास तोच कायदा पुन्हा केला, दुसऱ्याच दिवशी खालच्या कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्टमध्ये सगळे पुरुष असलेल्या कोर्टाने तो 4 विरुद्ध 1 ने उचलून धरला. मतं मोजलीत तर कळेल, नुसत्या नव्या न्यायाधीशाने हे होत नाही. जानेवारीत कायद्याविरुद्ध गेलेल्या आणखी एका न्यायाधीशांनी या वेळी बाजू बदलली. या खेपेला विधिमंडळाने जास्त विचार केलाय असं त्यांना पटलं. घटनेतलं वाक्य मात्र जानेवारीत होतं तेच ऑगस्टमध्ये.

कॅन्ससमध्ये उलटं झालं. तिथल्या कोर्टाने 2019 मध्येच राज्यघटनेत हा हक्क आहे असं सांगून टाकलं होतं. गर्भपाताच्या विरोधकांनी तो हक्क काढून टाकणारी घटनादुरुस्ती मतदानाला टाकली. डॉब्जनंतर सहा आठवडेही झाले नव्हते, 2 ऑगस्ट 2022 ला, त्या रिपब्लिकन राज्यातल्या सुमारे 59 टक्के मतदारांनी ती फेटाळली. मग विधिमंडळाने न्यायाधीश थेट मतदारांनी निवडावेत असा प्रस्तावच ऑगस्ट 2026 च्या मतदानासाठी ठेवला. विस्कॉन्सिनमध्ये न्यायाधीश आधीपासूनच निवडून येतात. एप्रिल 2023 च्या निवडणुकीत कोर्टातलं बहुमत फिरलं आणि जुलै 2025 मध्ये 4 विरुद्ध 3 ने 1849 चा बंदीचा कायदा निकालात निघाला.

आता टेक्सास, जिथे मी राहते. 1 सप्टेंबर 2021 ला, म्हणजे रो अजून जिवंत असताना, इथे सहा आठवड्यांची बंदी लागू झाली. ग्यानबाची मेख अशी, की अंमलबजावणी सरकारी अधिकाऱ्याने करायचीच नाही. कुणीही ऐऱ्यागैऱ्याने डॉक्टरवर किंवा मदत करणाऱ्यावर दिवाणी दावा लावायचा आणि जिंकला तर किमान 10,000 डॉलर घ्यायचे. आता कायद्याला आव्हान द्यायचं तर प्रतिवादी कोण करणार? नेहमी ज्या अधिकाऱ्यावर दावा लावून कायदा रोखतात, तो अधिकारीच इथे नव्हता. डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांच्या परवान्यांशी संबंधित अधिकाऱ्यांपुरती एक फट ठेवली, मार्च 2022 मध्ये टेक्सासच्या कोर्टाने तीही बुजवली. कायदा चूक की बरोबर यावर ही दोन्ही कोर्टं बोललीच नाहीत, आणि क्लिनिक्सनी सहा आठवड्यांपुढचं काम थांबवलं. कायदा लिहिणाऱ्याची हुशारी मान्य करावी लागते. मला मात्र अजूनही राग येतो.

दाद मागायचा अधिकार नेमका कुणाला, हा मुद्दा दुसऱ्या बाजूवरही उलटतो बरं. गर्भपाताच्या गोळीवरचे निर्बंध परत कडक करा म्हणून गेलेल्या डॉक्टरांच्या संघटनांना 13 जून 2024 ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, की तुमचं स्वतःचं काहीच नुकसान झालेलं नाही, तेव्हा तुम्हाला दावा करताच येत नाही. गोळीबद्दल कोर्ट काहीच बोललं नाही.

स्वतःपुरती परवानगी मागणारी ती एकटी बाई म्हणजे डॅलस भागातली केट कॉक्स. सुमारे वीस आठवड्यांची गरोदर, गर्भाला ट्रायसोमी 18 (गुणसूत्रांचा गंभीर दोष), आणि पुढे मूल होण्याची शक्यताही धोक्यात. डिसेंबर 2023 मध्ये ऑस्टिनच्या न्यायाधीशांनी तिला परवानगी दिली. राज्याच्या अॅटर्नी जनरलनी लगेच हॉस्पिटलांना पत्रं पाठवली, की या आदेशाने तुम्ही सुटणार नाही. दुसऱ्या दिवशी स्थगिती, आणि 11 तारखेला टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने परवानगी रद्दच केली. ती त्याआधीच राज्याबाहेर गेली होती. कोर्टाचं म्हणणं, अपवादात बसतं की नाही ते डॉक्टरांनी ठरवावं, त्यासाठी कोर्टाची परवानगी लागत नाही. पण ठरवण्यात चूक झाली तर डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, किमान 100,000 डॉलर दंड आणि परवाना रद्द! कोण ठरवेल? आपल्या मुंबई हायकोर्टासारखं ‘बोर्डाचा अहवाल आणा, मग बघू’ असं म्हणणारी यंत्रणाच इथे नाही.

आता जॉर्जिया. फुल्टन काउंटीचे (अटलांटाचा जिल्हा म्हणा) न्यायाधीश मॅकबर्नी यांनी तिथला कायदा दोनदा रद्द केला. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांचा तर्क होता, की 2019 ला कायदा केला तेव्हा रो लागू होता, म्हणजे तो जन्मतःच बाद. वरच्या कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये हे उडवून लावलं. मग 30 सप्टेंबर 2024 ला त्यांनी राज्यघटनेतल्या स्वातंत्र्याच्या आधारावर परत रद्द केला, आणि 7 ऑक्टोबरला जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. स्थगिती म्हणजे अपिलाचं भिजत घोंगडं राहतं आणि तोवर कायदा चालू. ‘कोर्टाने कायदा रद्द केला’ अशी बातमी वाचलीत की पुढच्या आठवड्याचा पेपरही बघा.

भाचीपुरतं सांगायचं तर गर्भात हृदयाची हालचाल दिसल्यावर, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यानंतर, तिथे बंदी आहे. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पाळी चुकल्यावर हातात जेमतेम दोन आठवडे. वैद्यकीय आणीबाणी आणि गर्भ जगूच शकणार नाही असं निदान, हे अपवाद आहेत. बलात्काराच्या प्रकरणात पोलीस तक्रार असेल तर 20 आठवड्यांपर्यंत. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनात 12 आठवडे, पण आधी प्रत्यक्ष जाऊन सल्ला घ्यायचा आणि मग 72 तास थांबायचं, त्यामुळे बऱ्याच जणी आणखी पुढे व्हर्जिनियापर्यंत जातात. गरोदरपण सुरळीत असलं तरी तिने पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवावं, की गुंतागुंत झाली तर तुमचं हॉस्पिटल कोणत्या टप्प्यावर हात लावतं. एकाच शहरातल्या दोन हॉस्पिटलांचे वकीलही याचं उत्तर वेगवेगळं देऊ शकतात.