लेकीची लस: ठेव मोडायची की मार्चपर्यंत थांबायचं?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेक नोव्हेंबरात 15 वर्षांची होईल. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठी डॉक्टरांनी एचपीव्ही या विषाणूच्या नऊ प्रकारांवरची लस सुचवली, एका डोसचे 11,000 रुपये सांगितले. पतसंस्थेतली 60,000 ची ठेव मार्चमध्ये सुटते. ती आत्ता मोडावी, की तोवर थांबावं? गणपतीच्या चवथीसाठी 25,000 बाजूला काढलेत. सासूबाई म्हणतात, पोर अजून लहान आहे.

ताई, ठेव मोडू नका. पण थांबूही नका.

पहिला डोस 15 पूर्ण व्हायच्या आत घेतला, तर दोन डोसांत काम होतं. नंतर सुरुवात केली, तर तीन लागतात. म्हणजे मार्चपर्यंत थांबलात की 22,000 चे 33,000 होतात. कुठलीही ठेव सहा महिन्यांत एवढं व्याज देणार नाही. दुसरा डोस सहा महिन्यांनी असतो, आणि तुमचं गणित इथेच सुटतं: पहिला आत्ता सप्टेंबरात चवथीच्या पैशांतून, दुसरा मार्चमध्ये सुटलेल्या ठेवीतून. माटोळी (गणपतीवरची फळांची सजावट), नेवऱ्या (करंज्या) यांना हात लावू नका. घराची रंगरंगोटी वर्षभर पुढे ढकला.

मात्र खर्च करण्याआधी तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, लेकीच्या वयाला एचपीव्हीची लस सरकारतर्फे मोफत मिळते का, ते विचारा. मिळत असेल तर खुशाल घ्या.

11,000 जमलेच नाहीत तर? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही एचपीव्हीची लस जानेवारी 2023 मध्ये आली, तेव्हा दोन डोसांच्या कुपीची किंमत 2,000 रुपये होती. ती चार प्रकारांवर चालते. त्यातले 16 आणि 18 हे दोनच प्रकार या कर्करोगाच्या सुमारे 70 टक्के रुग्णांमागे असतात. नऊ प्रकारांवरची लस जास्त व्यापक आहे, हे खरं. पण महागडीसाठी पैसे साठवत वय निघून जाण्यापेक्षा स्वस्तातली वेळेवर घेतलेली मला कधीही पटेल. कुठली घ्यायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सासूबाईंना सांगा, लहान आहे म्हणूनच आत्ता द्यायची. हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो आणि झालेला संसर्ग लस बरा करत नाही.

तुमचं स्वतःचं वय तिशीपुढचं असणार. ठेवीतून उरलेल्या पैशांतले थोडे तुमच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी ठेवा, आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात आधी चौकशी करा.