तालीम कोणाच्या वेळेत?

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडमधील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते. यंदा सांस्कृतिक समितीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. कर्मचाऱ्यांवरील ताण हलका व्हावा म्हणून वर्धापनदिनाला समूहनृत्य व एकांकिका बसवावी, अशी वरिष्ठांची इच्छा आहे. तालमी संध्याकाळी सहानंतर होतात. गेल्या आठवड्यात नृत्याची तालीम चालू असताना एका सहकारी मैत्रिणीला पाळणाघरातून तीनदा फोन आला. तिने तो घेतला नाही आणि नंतर ती प्रसाधनगृहात रडताना दिसली. अशा उपक्रमांचा मनाला खरोखर उपयोग होतो, की मी लोकांच्या ओझ्यात भरच घालते आहे?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच पत्रातील ‘सहानंतर’ या शब्दात आहे.

उपयोग होतो, यात शंका नाही. तालमीत शिपाई राजा होतो, विभागप्रमुख त्याचा द्वारपाल होतो, आणि द्वारपाल आपले एकुलते एक वाक्य विसरला की सगळे मिळून हसतात. दुसऱ्या दिवशी फाइल मागताना दोघांचाही आवाज थोडा बदललेला असतो. लालबाग-परळच्या चाळींत गिरणी कामगार पाळी संपवून रात्री भजनाला बसत, नाटके बसवत. मात्र ती मंडळे त्यांनी स्वतः उभारलेली होती, मुकादमाने हजेरी घेऊन बसवलेली नव्हती. १९५३च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून उभे राहिलेले महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ आजही कामगारांसाठी नाट्य व भजन स्पर्धा घेते. आपल्या एकांकिकेसाठी तेथे अवश्य चौकशी करावी.

परंतु कार्यक्रमाने कामाचा ताण फिटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट न हाताळलेला ताण हे तिचे मूळ सांगितले. महिनाअखेरीचे हिशेब जुळवत रात्री नऊपर्यंत बसणाऱ्या माणसाला समूहनृत्य नको असते, हाताखाली आणखी एक माणूस हवा असतो. हे वरिष्ठांना सांगणे अवघड आहे, तरी समितीच्या बैठकीत ते कोणीतरी बोलायला हवे.

आपल्या हातात आहे ते असे. तालीम चार ते पाच या वेळेत, म्हणजे कामाच्या तासांतच ठेवण्याची मागणी करा. तो एक तास द्यायला कंपनी तयार नसेल, तर तिला कर्मचाऱ्यांच्या मनाची किती काळजी आहे हेही कळून येईल. मार्चअखेर टाळा. सहभाग ऐच्छिक आहे, हे लेखी कळवा आणि वार्षिक मूल्यमापनात त्याची नोंद होणार नाही, याची खात्री करून घ्या. ज्यांना रंगमंचावर यायचे नाही त्यांच्यासाठी नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आहेच. ज्यांना यातले काहीच नको, त्यांना कारण विचारू नका.

आपल्या मैत्रिणीशी एकांतात बोला आणि तिची इच्छा असेल तर गाजावाजा न करता तिचे नाव नृत्यातून काढा. रडू येणे, झोप उडणे, कशातच मन न लागणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवा. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. तोवर एवढे करा, की पुढच्या तालमीत पाळणाघराचा फोन वाजला तर गाणे आपण स्वतः थांबवा.