पहिली गोधडी घालण्याआधी

गोधडी शिवायला घेतेयस, फार बरं वाटलं. पण वीस वर्षं हेच करतेय, म्हणून त्रासाचंही सांगते. 5 बाय 7 फुटांच्या गोधडीत दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोरा घातलास, तर 75च्या आसपास ओळी होतात. म्हणजे दीडशे मीटरहून जास्त शिवण, तीही तीन-चार थरांतून. बोटं सोलवटतात. अंगुस्ताना, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर चढवायची टोपी, घाल, सुरुवातीला अडखळायला झालं तरी काढू नकोस. जमिनीवर तासन् तास वाकून माझी मान कायमची धरलीय. तू अर्ध्या तासाने उठत जा.

चिंध्यांची गाठोडी वाढत जातात, नातेवाईकही आणून देतात. नाही म्हणायला शीक. जुनी सुती साडी उजेडात धरून बघ, विरलेला भाग कापून टाक, नाहीतर गोधडी तिथेच फाटते. नवं कापड आधी धुऊन घे, ते आटतं. आणि लाल वेगळंच धू. मी ते टाळलं, आईच्या पांढऱ्या नऊवारीवर रंग उतरला तो निघालाच नाही. अजून वाईट वाटतं.

विकायचं मनात असेल तर सांगते, मजुरी सुटत नाही. आधी 3 फुटांचं दुपटं शिव.