हाताने चालते, क्रॉनमध्ये अडते

प्रश्न : महापे एमआयडीसीतल्या आमच्या कार्यालयात लिनक्स सर्व्हर सांभाळतो. बॅकअपची बॅश स्क्रिप्ट (कमांडची फाइल) हाताने चालवली की नीट चालते, पण रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) काहीच होत नाही. चूकही दिसत नाही. सगळे पायथनमध्ये लिहू का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : भाषा बदलून हा दोष जाणार नाही. क्रॉन तुमची लॉगिनची प्रोफाइल (लॉगिन करताना लागू होणारी सेटिंग) वाचत नाही, त्यामुळे पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधायच्या त्या यादीत, मोजक्याच डिरेक्टरी असतात आणि हाताने सापडणारी कमांड तिथे सापडत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पाथ लिहा, फाइलींचे पत्ते मुळापासून पूर्ण द्या.

त्याहून छळणारा दोष % या चिन्हाचा. बॅकअपच्या नावात तारीख घालायला डेट कमांड (तारखेच्या साच्यात % येतो) थेट क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, ओळीत लिहिली असेल, तर पहिल्या % पाशीच कमांड तुटते. पुढचा मजकूर तिला इनपुट म्हणून जातो. प्रत्येक % आधी \ द्या. खरे तर तारीख स्क्रिप्टच्या आतच न्या, तिथे हा नियम लागत नाही.

क्रॉन चुका स्थानिक मेलने पाठवतो. ती सोय बऱ्याच सर्व्हरवर नसतेच, म्हणून आउटपुट आणि एरर दोन्ही लॉग फाइलीत वळवा.

जुने बॅकअप फाइंड या फाइली शोधणाऱ्या कमांडने पुसत असाल, तर डिलीट हा पर्याय सर्वांत शेवटी हवा. एमटाइमच्या (फाइल किती दिवसांपूर्वी बदलली ही अट) आधी लिहिलात, तर दिवसांची अट तपासण्यापूर्वीच फाइली जातात. आधी डिलीटच्या जागी प्रिंट लिहून यादी डोळ्यांखालून घाला.