विनोदी गुन्हेमालिकेत खोटा मुलगा कसा पकडावा?

तुमचा प्रश्न असा आहे: टीव्हीसाठी तुम्ही पाऊण तासाची विनोदी गुन्हेकथा लिहिताय. एकटा राहणारा श्रीमंत म्हातारा मरतो आणि तीन तरुण ‘मीच त्याचा मुलगा’ म्हणत दारात उभे राहतात. त्यांतलाच एक खुनी. म्हाताऱ्याचा रक्तगट ओ, खुन्याचा बी, आणि तेवढ्यावरून इन्स्पेक्टर त्याला खोटा ठरवतो. हे चालेल का? आणि शेवटी डीएनए अहवालाचं पाकीट फोडतात, तो प्रसंग हसवणारा कसा करायचा?

मी बरीच वर्षं डीएनए तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून आधी रक्तगटाचं सांगतो. हे चालणार नाही. बाप ओ असला तरी मुलगा बी असू शकतो, आई बी किंवा एबी असली की झालं. आईचा गट माहीत नसताना या जोडीवरून काहीच म्हणता येत नाही. रक्तगट फार तर ‘हा बाप नव्हे’ एवढं सांगतो. ‘हाच बाप’ असं तो कधीच सांगत नाही.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण चार्ली चॅप्लिनचं. जोन बॅरी या अभिनेत्रीने 1943 मध्ये त्याच्यावर पितृत्वाचा दावा लावला. रक्त तपासलं तेव्हा आई ए, बाळ बी आणि चॅप्लिन ओ निघाला. बाळाचा बी आईकडून आलेला नाही, म्हणजे तो बापाकडून यायला हवा, आणि ओ गटाच्या माणसाकडे तो द्यायला नाही. तरीही त्या काळी कॅलिफोर्नियात ही तपासणी निर्णायक मानायचं बंधन नव्हतं. 1945 मध्ये ज्यूरीने चॅप्लिनलाच बाप ठरवलं आणि त्याला पोटगी द्यावी लागली. तुमच्या कथेतही रक्तगटाचा प्रसंग असाच वापरा. पुरावा समोर पडलाय, पण खोलीतल्या प्रत्येकाचं मत आधीच ठरलंय. शेजारीण म्हणते, ‘अहो, नाक बघा ना, थेट बापावर गेलंय!’ आणि हेच ती तिघांबद्दल म्हणते.

रक्तगटावरच कुणाला कटवायचं असेल तर म्हातारा एबी करा आणि दावेदार ओ. अतिशय दुर्मीळ अपवाद सोडले तर एबी बापाला ओ मूल होत नाही, मग आई कुठल्याही गटाची असो. आणखी एक मौल्यवान गोष्ट तुमच्या हाताशी आहे: बॉम्बे रक्तगट. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुंबईत शोधून काढला. या माणसांचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसतं, पण ए किंवा बी गटाचं जनुक आत दडलेलं असू शकतं आणि ते मुलात उतरतं. म्हणजे आईबाप दोघंही कागदावर ओ आणि पोटचं पोर बी, असं खरोखर घडू शकतं. तिघांतला खरा मुलगा असा ठेवलात तर सुरुवातीला ज्याला सगळ्यांनी हाकललं, तोच खरा वारस निघेल.

आता पाकीट. ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ असं एका शब्दात उत्तर येतं आणि सगळे थिजतात, हा प्रसंग प्रेक्षकांनी शेकडो वेळा पाहिलाय. मी असतो तर तिसरंच उत्तर आणलं असतं.

आधी तपासणी कशी चालते ते बघा. डीएनएवरच्या साधारण वीस ठरावीक जागा तपासतात. प्रत्येक जागी माणसाकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. मुलाचा प्रत्येक जागेवरचा निदान एक आकडा बापाच्या दोन आकड्यांत सापडायला हवा. एखाद्या जागी न जुळण्याने दावा लगेच पडत नाही, कारण पिढी बदलताना क्वचित आकडा बदलतो. अनेक जागी जुळलं नाही तर तो माणूस बाप नाही. सगळीकडे जुळलं तर अहवालात संभाव्यता लिहितात, 99.99 टक्के वगैरे. शंभर कधीच लिहीत नाहीत.

म्हाताऱ्याचं मरण आधी नैसर्गिक वाटलं आणि अंत्यसंस्कार होऊन गेले असं दाखवा, नाहीतर शवविच्छेदनातलं रक्त राखलेलं असतं आणि पुढचं सगळं कोसळतं. त्यामुळे आता म्हाताऱ्याचा नमुना म्हणून उरला त्याच्या न्हाणीघरातला दात घासायचा ब्रश. खोट्या मुलाला हे आधीच सुचलेलं असतं. ज्या रात्री तो म्हाताऱ्याला मारतो, त्याच रात्री तो ब्रश बदलतो आणि तिथे स्वतःचा वापरलेला ब्रश ठेवतो. त्याचा हिशेब सरळ आहे: जेवढं जास्त जुळेल तेवढं नातं पक्कं!

अहवाल येतो. वीसच्या वीस जागी, दोन्हीच्या दोन्ही आकडे तंतोतंत जुळलेले. हा आनंदाने उडीच मारतो, पेढे काय मागवतो, फोटोला हार काय घालतो, ‘बाबा!’ म्हणून गळा काय काढतो. इन्स्पेक्टर मात्र कागद उलटसुलट करत बसलेला. बाप आणि मुलगा यांचं अर्धं जुळतं. सगळंच्या सगळं जुळतं ते एकाच माणसाचं, किंवा एकसारख्या जुळ्यांचं. मयत सत्तर वर्षांचा आणि हा तिशीतला, तेव्हा जुळे भाऊ असल्याचा प्रश्नच नाही. पण इन्स्पेक्टरने तोही प्रश्न गंभीरपणे विचारून वहीत उत्तर लिहून घ्यावं.

खुनाचा पुरावाही इथेच आहे. मृतदेह सापडला त्या सकाळी डॉक्टर येण्याआधी पुतणीने न्हाणीघराचा फोटो काढला होता, दिव्याची वायर लोंबकळत होती म्हणून. फोटोत तोच ब्रश दिसतो. आणि हा सांगत आलाय की बातमी वाचून आपण चार दिवसांनी पहिल्यांदा या घरात पाऊल टाकलं. वेगळा कबुलीजबाब घ्यायची गरजच उरत नाही.

नमुन्यांची लबाडी माणसांमुळेच उघडी पडते, हे खऱ्या तपासातही दिसलंय. 1984 मध्ये शास्त्रज्ञ अॅलेक जेफ्रीज यांना इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात डीएनए ठशांची, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखायची पद्धत सापडली. त्याच परिसरातल्या दोन मुलींच्या खुनांचा तपास करताना पोलिसांनी हजारो पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा खुन्याने स्वतःऐवजी सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं. तो सहकारी पबमध्ये बोलून गेला, ते कुणीतरी ऐकलं आणि 1987 मध्ये खुनी सापडला. ते प्रकरण भयंकर होतं, त्यातून विनोद उचलू नका. घ्यायचं ते एवढंच, की यंत्र फसलं तरी तोंड गप्प राहत नाही.

दोन चुका टाळा. कापलेल्या केसात मूळ नसेल तर त्यावर पितृत्व ठरवू नका. त्यातून मिळालाच तर बहुधा आईकडून येणारा डीएनए मिळतो, आणि त्याचा बापाशी संबंध नसतो. दुसरी चूक म्हणजे बापाकडून मुलग्यात उतरणारं वाय गुणसूत्र जुळलं की ‘हाच बाप’ म्हणणं. ते काका, आजोबा, चुलतभाऊ सगळ्यांत सहसा सारखंच असतं. (म्हाताऱ्याला एक भाऊ असेल, तर दुसऱ्या दावेदाराचं काम याच्यावर छान होतं.)

अहवाल पाच मिनिटांत आणू नका. निदान काही दिवस लागतात, आणि ते दिवस तुमच्या कथेसाठी सोन्याचे आहेत. तिघांना एकाच घरात ठेवा. पहिल्या दिवशी तिघेही ‘बाबांची’ खुर्ची अडवतात. मग पतपेढीचा माणूस येऊन म्हाताऱ्यावरचं कर्ज सांगतो आणि त्या रात्री दोघांना आपले खरे वडील आठवतात. दुसऱ्या दिवशी जमिनीचा कागद सापडतो, पुन्हा तिघे मुलगे. तो एकटा खरा मुलगा मात्र दोन्ही दिवशी एकच प्रश्न विचारतो: बाबा कसे होते?

आणि कृपा करून त्याच्या आईवर विनोद करू नका. आमच्याकडे नमुना द्यायला येणाऱ्या बायका खुर्चीच्या कडेवर बसायच्या, पदर घट्ट धरून, आणि गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायच्या आधी पोर विचारायचं, ‘दुखेल का?’ दुखत नाही, पण त्या बाईकडे पाहून ते सांगणं जड जायचं. तुमच्या भागात हसू येऊ दे ते हावरेपणाचं आणि ठाम बोलणाऱ्या शेजारणीचं. आईला एकच प्रसंग द्या: खरा अहवाल येतो, सगळे तिच्याकडे बघतात, आणि ती तो उघडतच नाही, घडी घालून पिशवीत ठेवते.