बाल्टिमोरला टेलिस्कोप सेंटरमधे जायचंय? मग हे वाच

अरे, तिथल्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधे नोकरीला लागलं की दिवसभर आपलाच रिसर्च, असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाक. १९८१ पासूनची ही संस्था, हबल आणि आता वेब या अवकाशातल्या दुर्बिणींचं सायन्स सांभाळते, त्यामुळे तिथल्या बऱ्याच ॲस्ट्रॉनॉमरचा मोठा वेळ दुसऱ्यांच्या निरीक्षणांसाठी जातो, म्हणजे दुर्बिणीचा वेळ मागणारं कुणाचं प्रपोजल मंजूर झालं की त्याची फाइल उघडून बघायचं, गाइड स्टार (ज्यावर नजर ठेवून दुर्बीण स्थिर राहते तो तारा) मिळतोय का, शेजारचा एखादा झगझगीत तारा डिटेक्टर सॅच्युरेट तर करणार नाही ना, म्हणजे जास्त उजेडाने मोजमापच बिघडणार नाही ना, एक्स्पोजर पुरतंय का. मला विचारशील तर हेच सोनं आहे, यंत्र आतून कळलं की स्वतःचे पेपरही पक्के होतात.

पीएचडी नसली तरी खचू नकोस, डेटा आणि कॅलिब्रेशनच्या (यंत्राची मोजमापं अचूक करण्याच्या) कामात नुसती डिग्री घेतलेले ॲनालिस्टही असतात.

आजपासूनच मास्ट अर्काइव्हमधून, म्हणजे संस्थेच्या ऑनलाइन डेटा संग्रहातून, नियरकॅमचा (वेबवरच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा) खुला झालेला डेटा उतरव, फुकट आहे, कच्चा डेटा साफ करणारी पायथनमधली पाइपलाइन स्वतः चालव आणि कॉस्मिक रेचा (अवकाशातून आलेल्या कणाचा) डाग कुठला, खराब पिक्सेल कुठला ते ओळखून वहीत लिहीत जा. आणि हो, ऑफर घ्यायच्या आधी रिसर्चला नक्की किती वेळ मिळणार ते स्पष्ट विचार, पोस्टप्रमाणे त्यात खूप फरक पडतो.